डिस्कव्हरी यान बांधतोय : सहा फूट लांब, यंत्रमागाच्या भंगारातून

आकाशमाग (धागाकर्ता)

'२००१: अ स्पेस ओडिसी'मधलं डिस्कव्हरी यान एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पुढं गोळा, त्याच्यामागं लांबच लांब कणा, कण्यावर तीन तबकड्यांची अँटेना आणि शेपटीला इंजिनं. पंख नाहीत, टोकदार नाक नाही, कारण याला हवेतून जायचंच नाही. स्टॅन्ली कुब्रिकचा हा सिनेमा १९६८ सालचा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा. त्यानंतर पडद्यावर शेकड्यानं यानं आली, पण मला आजही सगळ्यात पटतं ते हेच. त्याचं सहा फुटी मॉडेल सध्या सोलापुरात आमच्या साखर पेठेतल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत आकार घेतंय. गोळा झालाय, कण्याचा सांगाडा उभा आहे, वरचं बारीक काम चालू आहे. आणखी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं आणि इथल्या जाणकारांकडून चार गोष्टी कळाव्यात म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी लांबीबद्दल बोलतो, कारण माझ्या मते या यानात पहिली गोष्ट लांबी आहे, बाकी सगळं तिच्यामागून येतं. हे यान अणुशक्तीवर चालतं. माणसं गोळ्यात, भट्टी पार शेपटीला. किरणोत्सर्गाचा मारा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. शिशाची जाड भिंत न्यायची म्हणजे टनावारी वजन, त्यापेक्षा माणसं लांब ठेवणं स्वस्त. एवढ्यासाठी तो कणा आहे. आर्थर क्लार्कच्या याच नावाच्या कादंबरीत यान जवळजवळ ४०० फुटांचं आहे आणि माणसांचं सगळं जग ४० फुटांच्या गोळ्यात मावलंय. तेव्हा मॉडेल बघणाऱ्याला पहिल्या नजरेत 'केवढं लांब आहे हे' असं वाटलं तर काम जमलं. घरी केलेली बरीच मॉडेलं टेबलावर मावावीत म्हणून कण्यात कापली जातात. मग गोळा मोठा दिसतो, शेपूट आखूड दिसते आणि यानाचा जीवच जातो.

मूळ मॉडेलं इंग्लंडमध्ये बोरहमवूडच्या एमजीएम स्टुडिओत झाली. डिस्कव्हरीची दोन होती, एक १५ फुटी आणि एक ५४ फुटी. चोपन्न फूट! कॅमेरा अगदी जवळून सरकत गेला तरी तपशील संपू नयेत म्हणून एवढा आकार. संगणक नव्हताच. लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवायचं, कॅमेरा अतिशय हळू सरकवायचा आणि एकेका फ्रेमला भरपूर वेळ उजेड घेऊ द्यायचा, म्हणजे जवळचं टोक आणि लांबचं टोक दोन्ही स्पष्ट येतात. अंगावरचे तपशील रणगाडे, जहाजं, रेल्वे यांच्या प्लॅस्टिक किटांतले सुटे भाग चिकटवून केलेले.

सिनेमानंतर ही मॉडेलं नष्ट केली गेली. १९८४ साली पुढचा भाग '२०१०' आला तेव्हा त्या मंडळींना जुन्या फिल्मच्या फ्रेम मोठ्या करून, त्यावरून मोजमापं काढून यान नव्यानं बांधावं लागलं. मीही तोच रस्ता धरला. नेटवर कुणीकुणी काढलेले आराखडे मिळतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून थेट फ्रेमवरून मोजलं. यासाठी यान आडवं आणि लांबून दिसतंय अशीच दृश्यं घ्यायची. जवळून घेतलेल्या दृश्यात पुढचा भाग फुगतो आणि मागचा आवळतो, तिथली मापं घेऊन उपयोग नाही. गोळ्याचा व्यास हे एकक धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मोजायचं. अशी मोजली तर पूर्ण लांबी गोळ्याच्या साधारण नऊ पट येते.

गोळ्यासाठी शाळेत असतो तो आठ इंची प्लॅस्टिकचा पृथ्वीगोल घेतलाय. बाजारात इतका गोल आणि इतका हलका दुसरा गोळा मला मिळाला नाही. त्याला दोन्ही ध्रुवांवर भोकं असतात आणि ती नेमकी एका अक्षावर असतात. दक्षिण ध्रुवातून कणा आत गेला की आपोआप मधोमध बसतो. उत्तर ध्रुव पुढं येतो, तिथंच जवळ पॉडची (यानातून बाहेर पडायच्या एका माणसाच्या छोट्या गोल यानांची) तीन गोल दारं करायची आहेत, त्यात ते भोक जिरून जातं. छापलेल्या अक्षांश-रेखांशाच्या रेघांचा तर फारच उपयोग झाला. पट्ट्यांचे सांधे कोरायचे होते, ते मी त्या रेघांवरूनच सुईनं ओढत नेले. गुजरातवरून निघालेली रेघ सरळ सैबेरियापर्यंत जाते, हात कुठं हलायचा प्रश्नच नाही. विषुववृत्तावरचा सांधा एपॉक्सीनं भरून घासून घेतला.

नऊ पटीचा हिशेब धरला की लांबी १८३ सेंटिमीटर होते. १:७२ हे प्रमाण मानलं तर खरं यान १३२ मीटर आणि गोळा साडेचौदा मीटर येतो. हे प्रमाण घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे विमानांच्या किटांत १:७२ ची छोटी माणसं मिळतात. एक पॉडच्या दारात उभा केला की बघणाऱ्याला काही सांगावं लागणार नाही. पॉडसाठी रोल-ऑन डिओडरंटचा गोळा मापात बसतो.

कणा आतून ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आहे, सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडून आणलेली. लांब दांड्याच्या टोकाला वजन असलं की बाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे लांबी दुप्पट झाली तर बाक आठपट. म्हणून मॉडेल एका टोकाला धरायचं नाही. तोलाचा बिंदू शोधून तिथं एकच लोखंडी दांडा आणि टोकांची वजनं होतील तितकी कमी.

आता यंत्रमाग. इथं रणगाड्यांची किटं आणायला पुण्या-मुंबईला जावं लागतं किंवा मागवावी लागतात आणि ती कापायची म्हटलं तर खिशाला परवडत नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत भंगाराच्या दुकानांत मागाचे सुटे भाग किलोवर मिळतात. ड्रॉप पिन बघा, सूत तुटलं की माग थांबवते ती. पोस्टकार्डपेक्षा पातळ पोलादी पट्टी, एक लांब खाच, खाली सूत ओवायचं भोक, कडा वापरून गुळगुळीत झालेली. दहा-बारा शेजारी शेजारी उभ्या लावल्या, एकआड एक थोडी खाली सरकवली, की टाकीच्या बाजूची झडपांची रांग तयार. मोडलेल्या फणीच्या पात्यांची जाळी होते. आडवं सूत गुंडाळायच्या कांडीच्या बुडाशी ज्या कड्या असतात त्या नळ्यांच्या जोडावर चपखल बसतात. सुताच्या प्लॅस्टिकच्या कोनाचं निमुळतं टोक कापलं की इंजिनाची नळी. अशा सहा लागतात.

भाग निवडताना दोन गोष्टी पाळतोय. एक, ज्याचं माप डोळ्याला आधीच माहीत आहे ते बाहेर दिसू द्यायचं नाही. स्क्रूचं सहा मिलिमीटरचं डोकं या प्रमाणात ४३ सेंटिमीटरचं होतं, पण बघणाऱ्याला स्क्रूच दिसतो आणि तेवढ्यानं यानाचं खेळणं होतं. दोन, प्रत्येक नळी कुठून तरी निघाली पाहिजे आणि कुठं तरी पोचली पाहिजे. शोभेसाठी काही नाही. हॅरी लँग आणि फ्रेडरिक ऑर्डवे हे त्या सिनेमावर काम करणारे दोघं आधी नासाशी संबंधित काम केलेले होते आणि ते त्या यानाच्या अंगावर दिसतं.

तुमच्याकडून हवंय ते असं : अँटेनाची मोठी तबकडी कशाची करावी? रंग कोणता? आणि खिडक्यांतला उजेड कसा न्यावा?

सातरस्ता

लई भारी काम करायलास भावा! गच्चीवर येऊन बघणार म्हंजे बघणार. एक इचारतो, एवढी खटपट करण्यापरीस थ्रीडी प्रिंट का करंनास? आपल्याकडं पण आता दोघा-तिघांकडं मशीन आहेत. फाइल दिली की काढून देत्यात.

आकाशमाग

ये की, कधीही ये. प्रिंटला माझी ना नाही, अँटेनाचे सांधे मी प्रिंटच करून घेणार आहे. पण स्वस्तात होतं ते पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्याकडं मेमध्ये बाहेरच ४३-४४ असतं, पत्र्याखाली काय होत असेल ते तुला माहिताय. त्यात सहा फुटांचा कणा स्वतःच्या वजनानं हळूहळू वाकत जाणार. करायचंच तर एबीएसमध्ये करावं, ते शंभरीपर्यंत टिकतं.

फिजिक्सच्या बाई

फार सुंदर लेख. लांबीचा मुद्दा मी वर्गात व्यस्त वर्गाचा नियम शिकवताना वापरणार आहे, चालेल ना?

उष्णतेबद्दल एक भर घालते. तुमची नळी ॲल्युमिनियमची आणि वरचं आवरण प्लॅस्टिकचं. जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत सहज ३० अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात १८० सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी साधारण सव्वा मिलिमीटर वाढते, प्लॅस्टिक मात्र तीन-चार मिलिमीटर. आवरण सलग चिकटवलं तर एका उन्हाळ्यात कुठं तरी तडकेल नाहीतर फुगेल. कण्यावरचे डबे सुटे ठेवा, प्रत्येक डबा एकाच बाजूनं पक्का करा आणि दोन डब्यांत केसाएवढी फट सोडा.

दुसरं म्हणजे रेडिएटर. पोकळीत हवा नाही, त्यामुळे उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर टाकता येते. अणुभट्टी असलेल्या यानाला तर प्रचंड मोठे रेडिएटर लागतील. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकालाही ते आहेत. डिस्कव्हरीवर कुठंच दिसत नाहीत. तुम्ही लावणार का?

आकाशमाग

बाई, खुशाल वापरा. फटीचं आजच वहीत लिहून ठेवलं, डबे अजून चिकटवलेले नाहीत हे बरं झालं.

रेडिएटरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते सिनेमावाल्यांनाही ठाऊक होतं. सुरुवातीच्या आराखड्यांत रेडिएटर होते, कादंबरीतही आहेत. पण ते पंखांसारखे दिसतात आणि प्रेक्षक विचारणार की पोकळीत पंख कशाला, म्हणून काढून टाकले. मी लावणार नाही. मला सिनेमातलं यान करायचंय. तुमच्या शाळेसाठी कादंबरीतलं यान करायचं ठरलं तर फणीच्या पात्यांचे रेडिएटर मी स्वतः येऊन लावून देतो.

वाचक_सोलापुरी

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कोथरूड_डेपो

उत्तम धागा. मी विमानांची मॉडेलं करतो म्हणून रंगाबद्दल. नुसतं पांढरं ठेवू नका, खेळणं दिसेल. सांध्यांत काळा वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), नळ्यांच्या तोंडाशी काजळी, खाली थोडे ओघळ. विमानाला आपण हे करतोच. वापरलेलं यान वाटलं पाहिजे.

आकाशमाग

विमानाला हे सगळं बरोबर आहे, इथं माझं मत वेगळं आहे. ओघळ यायला पाऊस पाहिजे आणि खाली ओढणारं वजन पाहिजे. गंज चढायला हवा पाहिजे. या यानाला यातलं काहीच मिळालेलं नाही. ते कक्षेत जोडलं गेलं आणि तिथूनच निघालं. सिनेमात त्याचा रंग स्वच्छ पांढरट-राखाडी आहे आणि ती स्वच्छता अंगावर येते.

खेळणं वाटू नये म्हणून मी दुसरा उपाय करतोय. राखाडी प्रायमर, वर मळकट पांढरा आणि मग पट्ट्यापट्ट्यांनी झाकून त्याच पांढऱ्यात एखाद-दुसरा थेंब काळा मिसळून तीन-चार छटा. लांबून एकच रंग दिसतो, जवळ गेलं की पट्टी न् पट्टी वेगळी. पृष्ठभाग मोठा वाटतो तो यामुळे.

'२०१०'मध्ये मात्र हेच यान पिवळं पडलेलं दाखवलंय. ते गुरूच्या आयो या उपग्रहापाशी सोडून दिलेलं असतं आणि तिथल्या ज्वालामुखींचं गंधक त्यावर बसलेलं असतं. आयोवर ज्वालामुखी आहेत हे १९७९ साली व्हॉयेजर १ नं दाखवलं, १९६८ च्या मंडळींना ते माहीत असणं शक्यच नव्हतं. जुनं, वापरलेलं यान करायचं असेल तर त्या रूपात करा, तिथं रंगाला कारण आहे.

कोथरूड_डेपो

हे पटलं. गंधकाचं रूप मीच करून बघतो, १:१४४ मध्ये.

जॉबर_काका

नमस्कार. मी आयुष्यभर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवायचं, काम केलं, आता घरी असतो. नातवानं हे वाचून दाखवलं आणि मीच त्याला लिहायला सांगतोय.

बाळा, ड्रॉप पिना भंगारातून घेतोयस ते ठीक, पण त्यात वाकलेल्या फार येतात. निवडताना पिन काचेवर ठेव, डुगडुगली तर टाकून दे. तेलकट असतात, रंग धरणार नाहीत. आधी रॉकेलमध्ये, नंतर साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, वाळवून मगच चिकटव. फणीची पाती सोडवताना हातमोजे घाल, ब्लेडसारखी कापतात.

तू जकार्डचा विचार केला नाहीस याचं नवल वाटलं. चादरीच्या मागावर जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. भोक असेल तिथं सुई जाते, नसेल तिथं अडते, त्यावरून मोर उठतो का फूल उठतं ते ठरतं. जुन्या नक्ष्यांची कार्डं पोत्यानं पडून असतात, कुणी विचारत नाही. त्या भोकांची रांग इतकी सारखी असते की हातानं होणार नाही.

आकाशमाग

काका, तुम्ही लिहिलंत याचा किती आनंद झाला सांगू. काचेची युक्ती आणि रॉकेलची युक्ती दोन्ही आजपासून चालू.

जकार्डची कार्डं तर या यानावर असायलाच हवीत. जकार्डचा माग १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये आला आणि पुढं संगणकाला हुकूम द्यायला हीच भोकाच्या कार्डांची कल्पना वापरली गेली. सिनेमा बनत होता तेव्हा खरे संगणक पंच कार्डांवरच चालायचे. आणि या यानाचा सगळा कारभार हॅल नावाच्या संगणकाच्या हातात आहे. कार्डं कुठं लावायची तेही ठरलं. गोळ्याच्या मागं कणा सुरू होतो तिथल्या पहिल्या डब्यांवर, वर पातळ लॅकर मारून, म्हणजे पुठ्ठा ओल धरणार नाही. भोकाचं माप मात्र आधी बघावं लागेल. प्रमाणात ते हातभर रुंदीच्या झाकणाएवढं आलं तर उत्तम.

विजापूर_वेस

प्रमाणावरून एक शंका. गोळ्याच्या आत ते फिरतं चाक आहे ना, ज्यात तो अंतराळवीर गोल गोल धावतो? सिनेमासाठी बांधलेलं चाक ३८ फूट व्यासाचं होतं असं वाचलंय. तुमचा गोळा १:७२ नं ४८ फूट येतो. त्यात ३८ फुटांचं चाक, वर कॉकपिट, समोर तीन पॉडची खोली, हॅलची खोली. हे सगळं बसतं कसं?

आकाशमाग

नेमक्या जागी बोट ठेवलंत. ते चाक व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीनं बांधलं होतं, जवळपास ३० टनांचं, आणि खरोखर फिरायचं. नट खालीच असायचा, चाक त्याच्याभोवती फिरायचं. कादंबरीतला गोळा ४० फुटांचा आणि चाक ३५ फुटांचं, म्हणजे तिथं तर आणखी अडचण. मी कागदावर चाक आडव्या अक्षावर उभं करून पाहिलं. चाक मध्यापासून थोडं मागं ढकललं तर पुढं पॉडची खोली कशीबशी येते, पण पॉड वळायला जागा उरत नाही. गोळा ५५ फुटांच्या पुढं नेला तर सगळं सुखानं बसतं, पण मग तीन दारांचं गोळ्याशी दिसणारं प्रमाण पडद्यावरच्यापेक्षा लहान होतं.

मी बाहेरून दिसतं त्याला मान द्यायचा ठरवलंय. दारं पडद्यावर जेवढी दिसतात तेवढीच. आत चाक बसवायचं नाहीये, त्यामुळे भांडण मिटलं.

फिजिक्सच्या बाई

चाकाचा विषय निघालाच आहे तर गणित करून पाहिलं. ३५ फूट व्यासाच्या चाकात चंद्राएवढं वजन जाणवायला साधारण ११ सेकंदांत एक फेरी पुरते. पृथ्वीएवढं हवं असेल तर पाच सेकंदांच्या आत फेरी पूर्ण व्हायला हवी, म्हणजे मिनिटाला तेरा. तेवढ्यात माणसाला गरगरून ओकारी येईल. शिवाय चाक लहान असल्यामुळे डोक्याला आणि पायाला वेगवेगळं वजन जाणवेल. चंद्राएवढ्यावर भागवणं शहाणपणाचं. दहावीच्या मुलांना हे गणित घातलं, सगळ्यांनी आवडीनं सोडवलं.

अवंतीनगर

माझी मुलगी सातवीत आहे. हा धागा वाचून तिलाही हे यान करायचंय, पण सहा फूट ठेवायला आमच्या घरात जागा नाही. छोटं करता येईल का? आणि तिला एकटीला जमेल असं हवंय.

आकाशमाग

नक्की जमेल. टेबल टेनिसचा चेंडू घ्या, तो ४० मिलिमीटरचा असतो. नऊनं गुणलं की ३६ सेंटिमीटर. कण्याला बांबूची सळई. त्यावर डबे म्हणून आगपेटीच्या जाड कागदाच्या छोट्या पेट्या तिनं स्वतः घडी घालून कराव्यात, सगळ्या एका मापाच्या. इंजिनासाठी पेनांची टोपणं. फक्त तिला एक सांगा, गोळा आवडला म्हणून मोठा करायचा नाही आणि कणा कंटाळा आला म्हणून आखूड करायचा नाही. पट्टीनं नऊ पट मोजून मगच कापायचं. झालं की फोटो इथं टाका, मला बघायचंय.

उजनी_बॅकवॉटर

फोटोंचाच प्रश्न घेऊन आलो. पक्ष्यांचे फोटो काढतो, मॉडेलचे कधी काढले नाहीत, पण उजेडाबद्दल सांगू शकतो. एकच दिवा ठेवा, लांबवर, लहान आणि प्रखर. पांढऱ्या भिंती असतील तर काळ्या कापडानं झाका, नाहीतर भिंतीवरून उजेड परत येतो आणि सावल्या मऊ पडतात. अंतराळात सूर्य एकच, सावली काळीकुट्टच पाहिजे. छिद्र एफ १६ किंवा एफ २२, आयएसओ शंभर, कॅमेरा तिकाटण्यावर आणि शटर आठ-दहा सेकंद. खिडक्यांतला उजेड त्याच फोटोत घेऊ नका. मोठा दिवा बंद करून, फक्त खिडक्यांचा वेगळा फोटो घ्या आणि नंतर एकावर एक ठेवा.

आकाशमाग

हे सोन्यासारखं आहे. सिनेमातही खिडक्यांतली माणसं वेगळी चित्रित करून नंतर बसवली होती, तीच रीत. म्हणजे आत दिवे फार तेजस्वी असायची गरज उरली नाही, तीन व्होल्टच्या एलईडी पुरतील आणि तार नळीतून शेपटीपर्यंत नेता येईल.

दहा सेकंदांच्या शटरची एक अडचण आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग आहेत. धोटा इकडून तिकडं आदळतो त्याची धडधड गच्चीपर्यंत पोचते, वाटीतलं पाणी थरथरतं. मग सगळं हलकं पुसट येणार. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असतात, त्या रात्री काढेन.

मागांमुळे रंगाचंही तसंच आहे. हवेत सुताचे बारीक तंतू असतात, ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत. त्यात उन्हाळ्यात स्प्रेचा रंग हवेतच वाळतो आणि अंगावर पावडर होऊन बसतो, हात फिरवला की खरखर लागते. म्हणून पहाटे पाचच्या सुमाराला फरशी ओली करायची, दारात ओला टॉवेल लावायचा, पंखा बंद, आणि डबा अगदी जवळून, पातळ पातळ थर. या रीतीनं गोळ्याचा पांढरा काचेसारखा आलाय.

सातरस्ता

टॉवेल सोलापुरीच लाव भावा, दुसरा नको.

आणि अँटेनाच्या तबकडीचं कुणीच सांगंना की. आमच्या दुकानात कढईची पितळी पळी असती बघ, तिची वाटी. दांडी काढून टाकायची. आतून-बाहेरून सारखी गोलाई.

आकाशमाग

पळीची वाटी आकारानं फार छान आहे, पण पितळेची म्हणून जड. अँटेना कण्यापासून वर दांड्यावर असते, तिथं वजन नको. तिचा साचा म्हणून मात्र वापरता येईल! पातळ प्लॅस्टिकचा पत्रा गरम करून त्या वाटीवर दाबला की तीच गोलाई हलक्या प्लॅस्टिकमध्ये मिळेल. मोठी तबकडी एक, बाजूच्या दोन लहान, म्हणजे दोन मापांच्या पळ्या लागतील. देशील का दोन दिवसांसाठी?

सातरस्ता

दिलो म्हणून समज. दुकान रात्री नऊपतोर उघडं असतंय.

जॉबर_काका

नातवाच्या हातून पुन्हा लिहितोय. ओळखीच्या एका कारखान्यात विचारलं. जुन्या नक्ष्यांची कार्डं न्यायला त्यांची हरकत नाही, पैसे घेणार नाहीत. भोकाचं माप मी सांगू शकलो असतो, पण वेगवेगळ्या मशीनला वेगवेगळं असतं, तू येऊन स्वतः मोज. दोऱ्यानं शिवलेली माळ आहे, कात्रीनं कापू नकोस, टाके उसवून सोडव म्हणजे कडेची भोकं शाबूत राहतील.

आकाशमाग

काका, रविवारी सकाळी येतो. व्हर्नियर घेऊन येतो आणि गोळाही घेऊन येतो, तुम्हाला आणि नातवाला हातात घेऊन बघता येईल.